रविवारची उपासना: शेजारणीच्या चर्चमध्ये काय चालतं?

गटांच्या बैठकांसाठी पाथर्डी तालुक्यात फिरताना मला बहुतेक प्रश्न कर्जाचे, व्याजाचे आणि वहीतल्या नोंदींचे येतात. पण अलीकडे दोन-तीन ठिकाणी एक वेगळाच प्रश्न आला. "ताई, आमच्या गटातल्या ख्रिस्ती बाया रविवारी सकाळी चर्चला जातात. तिथं दीड-दोन तास करतात तरी काय?" विचारणाऱ्या बाईच्या मनात वाकडं काही नव्हतं. एकाच नळावर पाणी भरायचं, एकाच वावरात खुरपायचं, एकमेकींच्या बाळंतपणाला धावायचं. एवढं सगळं सोबत, आणि तरी शेजारणीची रविवारची सकाळ आपल्याला माहीत नाही. माहीत नसलं की माणूस अंदाज बांधतो आणि अंदाजाची अफवा व्हायला वेळ लागत नाही. म्हणून आज त्या सकाळीबद्दलच बोलूया.

आधी रविवारच का, ते पाहू. येशू ख्रिस्ताला शुक्रवारी क्रूसावर मारलं आणि तिसऱ्या दिवशी, म्हणजे रविवारी पहाटे, तो पुन्हा जिवंत झाला, अशी ख्रिस्ती लोकांची श्रद्धा आहे. म्हणून रविवार हा त्यांचा प्रभूचा दिवस. आपल्याकडे रविवार खंडोबाचाही वार आहे. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे लढले, तेव्हा त्यांनी खंडोबाच्या वाराचा दाखला दिला होता. १८९० साली ती सुट्टी मिळाली. म्हणजे रविवारच्या सकाळी देवाची आठवण काढणं हे आपल्या मातीला नवं नाही.

आता कुणी म्हणेल, हा धर्म इकडे आला कधी? आपल्या नगर जिल्ह्यात तो जवळजवळ दोनशे वर्षांपासून आहे. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगर शहरात १८३१ साली सुरू झालं. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ साली नगरहूनच निघालं. सिंथिया फरार या अमेरिकन बाईंनी नगरमध्ये मुलींच्या शाळा चालवल्या. त्या शाळा पाहून जोतीराव फुल्यांना मुलींच्या शाळेची प्रेरणा मिळाली आणि सावित्रीबाईंनीही फरारबाईंकडे शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं, असं सांगितलं जातं. पुढे कवी नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि त्यांनी बरीच वर्षं नगरमध्ये काम केलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांचं 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र आजही मराठीतल्या उत्तम पुस्तकांत धरलं जातं. लक्ष्मीबाई शाळेत जाऊन शिकलेल्या नव्हत्या, हे आपल्या गटातल्या बायांनी मुद्दाम लक्षात ठेवावं.

आता प्रत्यक्ष उपासनेकडे येऊ. ख्रिस्ती लोकांतही पंथ आहेत. कॅथलिक लोकांच्या उपासनेला मिस्सा म्हणतात, तिथं फादर असतात. आपल्या जिल्ह्यात हरेगावची मतमाउलीची यात्रा प्रसिद्ध आहे, ती कॅथलिकांची. प्रोटेस्टंट चर्चमध्ये पाळक असतात. पाळक म्हणजे कळप सांभाळणारा. गावातल्या चर्चमध्ये जमणाऱ्या लोकांना मिळून 'मंडळी' म्हणतात. मी आज सांगते आहे ते लहान प्रोटेस्टंट चर्चबद्दल. एक मोठी खोली, वर पत्रे, भिंतीवर साधा क्रूस, खाली सतरंज्या. मूर्ती नसते. चपला बाहेर काढतात. एका बाजूला बाया, एका बाजूला पुरुष. प्रार्थनेच्या वेळी बाया डोक्यावर पदर घेतात. शहरातल्या चर्चमध्ये बाकं असतात, एवढाच काय तो फरक.

सुरुवात प्रार्थनेनं आणि गीतानं होते. पेटी, ढोलकी किंवा तबला, आणि झांज. चाल ऐकली तर तुम्हाला भजनच वाटेल, आणि त्याला कारण आहे. सुरुवातीला मिशनरींच्या काळात पुष्कळ गाणी इंग्रजी चालींवर म्हटली जात. ती आपल्या माणसांच्या तोंडात नीट बसत नव्हती. मग नगर भागातल्या ख्रिस्ती कवींनी अभंग, ओवी, पदं लिहिली आणि ख्रिस्ती कीर्तनही उभं केलं. टिळकांनी तर तुकोबांना आपला पूल मानलं होतं, ज्यावरून ते ख्रिस्ताकडे गेले. त्यांची गाणी आजही मराठी मंडळ्यांमध्ये म्हटली जातात. 'उपासना संगीत' नावाचं गीतांचं पुस्तक पुष्कळ घरांत असतं. वाचता न येणाऱ्या आजीबाईंना त्यातली कितीतरी गाणी तोंडपाठ असतात.

गीतानंतर पापांगीकार येतो. म्हणजे आठवड्याभरात मनानं, बोलण्यानं, वागण्यानं जे चुकलं ते देवापुढे कबूल करायचं आणि क्षमा मागायची. प्रोटेस्टंट चर्चमध्ये हे सगळे मिळून करतात, कुणा एकाला उभं करून विचारत नाहीत. मग शास्त्रवाचन. बायबलचे दोन भाग आहेत, जुना करार आणि नवा करार. जुन्या करारात स्तोत्रसंहिता नावाचं गीतांचं पुस्तक आहे, त्यातलं एखादं स्तोत्र वाचतात. तेविसावं स्तोत्र सगळ्यांच्या विशेष आवडीचं. त्यात देवाला मेंढपाळ म्हटलं आहे, जो कळपाला हिरव्या कुरणात आणि पाण्याजवळ नेतो. आपला तालुका पाण्यासाठी तरसणारा. उन्हाळ्यात मेंढरं घेऊन चारा-पाणी शोधत फिरणारी कुटुंबं आपण रोज पाहतो. त्यामुळं या स्तोत्राचा अर्थ इथं कुणाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

बायबल वाचायला पुष्कळदा एखादी मुलगी किंवा सून उभी राहते. मराठी बायबलचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगते. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषा शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणलं. दौंडजवळच्या केडगावला त्यांचं मुक्ती मिशन आहे. विधवा, परित्यक्ता आणि दुष्काळात अनाथ झालेल्या मुली तिथं राहत. साध्या बाईला वाचून कळेल अशी भाषा असावी, यावर त्यांचा भर होता. १९२२ साली त्या गेल्या.

वाचनानंतर पाळकसाहेबांचं प्रवचन, त्याला संदेशही म्हणतात. साधारण अर्धा तास. वाचलेल्या ओळींचा रोजच्या जगण्याशी मेळ घालायचा, हा त्याचा हेतू. मी एकदा एका ताईंच्या बोलावण्यावरून गेले होते, तेव्हा विषय होता क्षमेचा, आणि उदाहरण होतं बांधावरून भांडणाऱ्या दोन भावांचं. बसलेल्यांपैकी काहीजण मान खाली घालून हसत होते. पुढे सगळे उभे राहून आपण काय मानतो ते एका सुरात म्हणतात, त्याला विश्वासांगीकार म्हणतात.

मग मध्यस्थीची प्रार्थना. मध्यस्थी म्हणजे दुसऱ्यासाठी देवाकडे मागणं. आजारी माणसं, परीक्षेला बसलेली मुलं, पाऊस, देशाचा कारभार पाहणारे लोक, सगळ्यांची नावं येतात. दिवाळीनंतर आपल्या तालुक्यातली कितीतरी कुटुंबं कोयता घेऊन कारखान्यांवर ऊसतोडीला जातात. त्या दिवसांत मंडळीही अर्धी रिकामी होते. मग गेलेल्यांची, त्यांच्या कोपीवरच्या लेकरांची, गाडीखाली कुणी सापडू नये याची प्रार्थना होते. पुनरुत्थानाचा सण, म्हणजे ईस्टर, मार्चच्या शेवटच्या दिवसांत किंवा एप्रिलमध्ये येतो. तोवर बरीच कुटुंबं परतलेली असतात, म्हणून त्या दिवशी खोली भरून जाते.

यानंतर अर्पण. थैली किंवा ताट फिरतं, ज्याला जमेल तसं तो टाकतो. नव्या करारात एका गरीब विधवेची गोष्ट आहे. श्रीमंतांनी मोठमोठ्या रकमा टाकल्या, तिनं फक्त दोन छोटी नाणी टाकली, पण तिचं दान सगळ्यांत मोठं ठरलं, कारण ती तिची सगळी पुंजी होती. दहा-वीस रुपयांच्या बचतीपासून गट उभे करणाऱ्या आपल्याला ही गोष्ट लगेच पटेल. नीट चालणाऱ्या मंडळीत अर्पण एकटा माणूस मोजत नाही. दोघं-तिघं मिळून मोजतात, वहीत लिहितात. त्यातून वीजबिल, दुरुस्ती, पाळकांचं मानधन आणि कुणा अडलेल्याला मदत भागते. सुगीच्या सणाला शेतातलं धान्य, भाज्या, अंडी, कोंबडी आणतात. मग त्यांचा लिलाव होतो आणि रक्कम मंडळीच्या कामाला जाते. शेवटी वाढदिवस, आजारपण, लग्न यांच्या सूचना होतात, पाळक हात उंचावून आशीर्वाद देतात आणि लोक एकमेकांना 'जय ख्रिस्त' म्हणत बाहेर पडतात. लहान मुलांची वेगळी शाळा भरते, तिला शब्बाथ शाळा म्हणतात.

ज्यावरून सगळ्यांत जास्त गैरसमज होतात, ते प्रभूभोजन आता सांगते. पुष्कळ मंडळ्यांत ते महिन्यातून एकदा असतं. भाकरीचा किंवा पावाचा लहान तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट घेतात. मरणाच्या आदल्या रात्री येशूनं शिष्यांबरोबर जेवताना भाकर मोडून दिली, त्याची ही आठवण. 'तिथं दारू पाजतात' असं मी कानांनी ऐकलं आहे. ते खरं नाही. आणि 'काहीतरी खायला घालून धर्म बदलतात' हेही खरं नाही. उलट पाहुण्याला ते देतच नाहीत. ज्यानं श्रद्धेनं दीक्षा घेतली आहे, त्यालाच ते मिळतं. पाहुणी म्हणून गेलेल्या बाईनं नुसतं बसून ऐकलं तरी चालतं.

बायांचं स्थान काय, हाही प्रश्न येतो. गाणं, वाचन, शब्बाथ शाळा, आजारी घरी जाऊन प्रार्थना, यांतलं पुष्कळ काम महिला मंडळ करतं. काही चर्चमध्ये बाया पाळकही होतात. २०१३ साली पुष्पललिता या दक्षिण भारत चर्चच्या पहिल्या महिला बिशप झाल्या. कॅथलिक चर्चमध्ये मात्र बाईला फादरचं काम करता येत नाही. म्हणजे त्यांच्याही घरात वाद आहेत, जसे आपल्या घरात आहेत.

मैत्रिणींनो, हे सगळं आज सांगण्याचं एक कारण आहे. एका गटाची बैठक रविवारी सकाळी दहाला ठरलेली होती. त्यात दोन ख्रिस्ती सदस्या होत्या. बैठक चुकली की दंड, हा नियम सगळ्यांना सारखा. त्या दोघींवर दर महिन्याला दंड चढत गेला. पैसे भरायला त्या तयार होत्या, पण 'यांना गटापेक्षा चर्च मोठं' असं कुणीतरी बोललं, ते लागलं. एकीनं बचत काढून घेऊन गट सोडायचं ठरवलं. तिचं नियमित परतफेडीचं कर्ज होतं आणि मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी दुसरं कर्ज लागणार होतं. गट सुटला असता तर तिला सावकाराकडे किंवा खाजगी फायनान्सकडे जावं लागलं असतं.

नियमित बैठक हे पंचसूत्रीतलं पहिलं सूत्र आहे. ते मोडायचं नाहीच. पण सूत्र 'नियमित' असं सांगतं, 'रविवारी दहाला' असं सांगत नाही. गटानं ठराव करून बैठक गुरुवारी संध्याकाळी साडेसातला घेतली. मग लक्षात आलं, रविवारी पाथर्डीच्या नातेवाइकांकडे जाणाऱ्या आणखी तिघींचीही सोय झाली. हजेरी वाढली. ती ताई गटात राहिली आणि मुलीसाठी कर्ज मंजूर झालं.

म्हणून तुमच्या गटासाठी चार गोष्टी सांगते. पहिली, बैठकीचा वार ठरवताना प्रत्येकीला विचारा: तुझा उपवास, तुझी उपासना, तुझा बाजार कधी असतो? दुसरी, हळदीकुंकवाला ख्रिस्ती किंवा मुसलमान मैत्रिणीला जरूर बोलवा, पण कुंकू लावण्याआधी विचारा. काही लावून घेतात, काही घेत नाहीत. तिळगूळ आणि वाण मात्र प्रत्येकीला द्या. तिसरी, तिच्याकडे दुःख झालं तर जा. त्यांच्यात बहुतेक दफन करतात, पाळक प्रार्थना करतात. तुम्ही शांत उभं राहिलात तरी पुरेसं आहे. चौथी, कुणाच्या श्रद्धेबद्दल काही ऐकलं तर ते पुढे ढकलण्याआधी त्याच बाईला विचारा. आपल्या राज्यघटनेच्या कलम २५ नं आपापला धर्म पाळायचं स्वातंत्र्य सगळ्यांना दिलं आहे, तुम्हालाही आणि तिलाही.

येत्या बैठकीत गटाचा वार आणि वेळ हा विषय घ्या. वहीत ठराव लिहा, सगळ्यांच्या सह्या किंवा अंगठे घ्या. कुणाची अडचण निघाली तर ती तिथंच मिटवा. आणि नाताळला शेजारीण करंज्या घेऊन आली, तर ताट रिकामं परत पाठवू नका.