स्वमग्न मूल आणि तट्टू

मार्गशीर्षांत देवमामलेदारांच्या यात्रेसाठीं सटाण्यास गेलों असतां एका बाईंनीं मला गांठलें. त्यांचा सात वर्षांचा मुलगा स्वमग्न आहे. हांक मारली तर वळून पाहत नाहीं, गर्दींत कानांवर हात घेऊन ओरडतो; पण यात्रेबाहेर बांधलेल्या एका तट्टाच्या मानेला गाल लावून तो बराच वेळ शांत उभा राहिला होता. "सारंगखेड्याच्या बाजारांतून त्याला एक तट्टू आणूं का? त्यानें तो बोलूं लागेल का?" असें त्यांनीं विचारलें.

प्रथम एक गोष्ट. स्वमग्नता ही मेंदूच्या घडणींतील भिन्नता आहे. १९४३ सालीं अमेरिकेंतील डॉ. लिओ कॅनर यांनीं अकरा मुलांचें वर्णन प्रसिद्ध केलें, तेव्हां तिला शास्त्रांत स्थान मिळालें. पुढें कित्येक वर्षें आईच्या कोरडेपणास दोष दिला गेला. तें मत साफ खोटें ठरलें आहे. घरोघरीं मात्र तें अजून मेलेलें नाहीं.

घोड्याचा उपचारासाठीं उपयोग ही कल्पनाही नवी नव्हे. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांचे पाय पोलिओनें गुडघ्यांखालीं निकामी झाले होते; तरीही १९५२ सालीं हेलसिंकी येथें त्यांनीं अश्वारोहणांत रौप्यपदक मिळविलें. स्वमग्न मुलांविषयींचा चांगला पुरावा २०१५ सालचा आहे. अमेरिकेंत ६ ते १६ वर्षांच्या १२७ मुलांचे चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गट केले. एकानें दहा आठवडे रपेट केली. दुसऱ्यानें तबेल्यांतच घोड्यांविषयींचे धडे घेतले, पण घोड्यास हात लावला नाहीं. रपेट करणाऱ्यांची चिडचिड व चंचलता अधिक कमी झाली, आणि त्यांच्या बोलण्यांत शब्दही अधिक आले. त्यांची स्वमग्नता मात्र गेली नाहीं.

असें कां व्हावें? चालत्या घोड्याची पाठ स्वाराच्या कमरेस मनुष्याच्या चालीसारखेंच हेलकावे देते, आणि ती एकसारखी लय कांहीं मुलांस निवविते. शिवाय घोड्याचा चेहरा वाचावा लागत नाहीं. 'चल' म्हटलें कीं तो चालतो. शब्दाचें फळ तत्काळ हातीं येतें. आपल्या बोलण्यांत इतका सरळपणा क्वचितच असतो!

तट्टू म्हणजे साधारण ५८ इंचांहून ठेंगणा घोडा. बाजूनें चालणाऱ्याचा हात मुलापर्यंत सहज पोहोंचतो, हा त्याचा मोठा गुण. मराठ्यांच्या भीमथडी तट्टांचें काटकपण आपण ऐकतों; येथें मात्र काटकपणापेक्षां शांतपणा पाहावा. वरातीच्या बँडवर नाचविलेला घोडा या कामास नको. लगाम धरणारा एक, दोन्ही बाजूंस दोघे, मुलाच्या डोक्यास शिरस्त्राण, आणि फेफरें येत असल्यास आधीं डॉक्टरांचा सल्ला, एवढें हवेंच. तट्टानें कान मागें पाडले तर त्या दिवशीं रपेट बंद.

म्हणून मीं त्या बाईंस सांगितलें, "तट्टू विकत घेऊं नका, शिकविणारा नसेल तर तें दाराशीं नुसतें कडबा खाईल. वाचोपचार चालू असतील ते मुळींच सोडूं नका. ओळखीच्या घोडेवाल्याकडे आठवड्यांतून दोनदां न्या, तो जवळ उभा असतां मुलाला खरारा करूं द्या. स्वारी मागाहून, जाणत्याच्या देखरेखीखालीं. बोलेल असें वचन मी देत नाहीं."

त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "खरारा लहान हातांत मावेल असा कोठें मिळतो?"