फुलापासून विहिरीपर्यंत

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार निघाला की समीक्षकांची दृष्टी बहुधा धर्मांतराच्या प्रश्नावरच खिळून राहते. कोणी कोणाला बाटवले, कोणते घराणे दुभंगले, कोणाच्या आईने अन्नपाणी वर्ज्य केले, याचा जमाखर्च मांडण्यातच लेखणी दमून जाते. त्या वादाच्या धुरळ्यात या वाङ्मयाचा एक जुना आणि शांतपणे चाललेला उद्योग सहसा कोणाच्या नजरेस पडत नाही. झाड, पाखरू, शेत, चूल यांच्याकडे पाहून ईश्वराविषयी काही शिकण्याचा हा उद्योग गेली चारशे वर्षे मराठीत चालू आहे आणि त्याला चढउतारही पुष्कळ आहेत.

त्याचे मूळ अर्थातच शुभवर्तमानात आहे. येशूचे बहुतेक दृष्टांत गालीलातील कुणबी, कोळी, धनगर आणि गृहिणी यांच्या नित्य व्यवहारातून उचललेले आहेत: मोहरीचा दाणा, पिठातले खमीर, हरवलेले नाणे शोधण्यासाठी दिवा लावून घर झाडणारी बाई. परंतु भूमी बदलली म्हणजे दृष्टांताची चवही बदलते. पेरणाऱ्याचा दृष्टांत कोकणात सहज रुजतो, कारण तेथे भाताचे बी राबावर मुठीने फोकण्याची चाल आहे. घाटावरचा शेतकरी मात्र पाभर चालवतो, चाड्यावर मूठ धरून दाणा न् दाणा नळ्यातून तासात सोडतो, आणि वाटेवर व खडकावर बी सांडू देणारा तो गृहस्थ त्याला प्रथमदर्शनी गबाळाच वाटला असेल तर नवल नाही. प्रवचनकाराने हे ध्यानात न घेता दृष्टांत जसाच्या तसा सांगितला, की श्रोता मान डोलावतो आणि घरी जातो.

फादर थॉमस स्टीफन्स 1579 च्या ऑक्टोबरात गोव्याच्या किनाऱ्यास लागले, तेव्हा त्या प्रवासाचे जे पत्र त्यांनी इंग्लंडात आपल्या वडिलांस धाडले, त्यात समुद्रातील मासे आणि जहाजाभोवती दिसणारे पक्षी यांचे कुतूहल ओसंडून वाहते आहे. साष्टीत आयुष्य वेचून, ज्यांची जुनी पुराणे हिरावली गेली होती अशा नवख्रिस्ती श्रोत्यांसाठी त्यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण रचले; ते 1616 साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. त्यातील मराठीची स्तुती सर्वांस ठाऊक आहे: मोगरा, कस्तुरी, मोर, कल्पतरू अशा उत्तमोत्तम वस्तूंच्या पंक्तीला त्यांनी आपल्या या परक्या मायबोलीला बसविले. पण बारकाईने पाहता तेथे निसर्ग अलंकाराच्या रूपाने येतो, गुरूच्या रूपाने नव्हे. मोगरा काही शिकवीत नाही. तो केवळ शोभतो. पत्रातला तो कुतूहली तरुण पुराणिकाच्या व्यासपीठावर काहीसा संकोचून गेला असावा, असे मला वाटते. पुढे 1684 मध्ये पोर्तुगीज सरकारने देशी भाषांवर जे फर्मान काढले, त्याने ही परंपरा गोव्यात वाढण्याची वाटच बंद केली.

एकोणिसाव्या शतकातील मिशनरी पुस्तिकांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. अहमदनगरास 1842 मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघाले, बाबा पदमनजींनी 1857 मध्ये ‘यमुनापर्यटन’ लिहून विधवांचे दुःख वेशीवर टांगले, ही कामे मोठीच. परंतु त्या काळचा सारा भर खंडनमंडनावर होता, आणि वाद घालणाऱ्याला पायाखालचे गवत दिसत नसते.

ते गवत नारायण वामन टिळकांना दिसले. 1893 च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावाकडे जाताना आगगाडीत एका अपरिचित युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला, आणि डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले. रानातल्या फुलांना कोण नेसवते, आकाशातल्या पाखरांना कोण भरवते, असे विचारणारे ते प्रकरण. आणि वाचणारा पुढे फुलामुलांचा कवी म्हणून महाराष्ट्रात ओळखला जाणारा माणूस! 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु त्यांच्या काव्याचे रहस्य केवळ शुभवर्तमानात शोधणे अन्यायाचे होईल, कारण आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे ते स्वतःच सांगत. मळ्यातल्या भाजीत विठ्ठल पाहणारा सावता माळी आणि देवाला आपल्यासंगे दळावयास बसविणारी जनाबाई ज्यांच्या कानावर बाळपणापासून पडली होती, त्यांना फुलापाशी देव भेटतो हे परक्या पाद्र्याकडून शिकण्याचे कारण नव्हते. नवे होते ते त्या देवाचे पितृत्व आणि त्याचा क्रूस.

टिळकांची ‘केवढे हे क्रौर्य’ ही कविता याची साक्ष आहे. पारध्याच्या बाणाने विद्ध झालेली आणि मरता मरता पिलांसाठी तळमळणारी पक्षीण तीत आहे, ख्रिस्ताचे नाव कोठेही नाही, उपदेशाचा आव नाही. तरीही भूमीवर पडणाऱ्या एकेका चिमणीची दखल घेणारा पिता ज्याने मानला, त्याला ही कविता प्रार्थनेसारखी वाचता येते. याउलट काही ठिकाणी टिळक शिकवण्याची घाई करतात, आणि तेथे फूल सुकते. त्यांच्याच नगरच्या घरी राहिलेल्या बालकवींनी फुले घेतली आणि उपदेश तेथेच ठेवला; शिष्याचा तो विवेक गुरूला खटकला नाही, हे गुरूचे मोठेपण.

आणि तरीही, माझ्या मते, या परंपरेतील सर्वांत खोल शिकवण फुलापाशी नव्हे, घरातल्या पाण्यापाशी आहे. सोवळ्याच्या अतिरेकाने ग्रासलेल्या माहेरात वाढलेल्या लक्ष्मीबाई, आपले पती टिळक यांच्या धर्मांतरानंतर कित्येक वर्षे दूर राहून परत आल्या त्या आपले सोवळे घेऊनच. आणि मग केव्हातरी, ही जात देवाने केली की माणसाने, असा प्रश्न स्वतःलाच विचारून त्यांनी कोणाच्याही हातचे पाणी पिण्याचा निश्चय केला. त्यांचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला जाणवते ते हे, की हा प्रसंग त्या दृष्टांत म्हणून सांगतच नाहीत. पाणी हे कशाचे प्रतीक नाही, ते तहान भागवणारे पाणीच आहे, आणि ते कोणाच्या हातून आले एवढाच सवाल आहे. घरात पैसा टिकत नसे, पाहुणे व अनाथ मुले यांचा राबता असे, संसाराची तोंडमिळवणी रोज नव्याने करावी लागे. या सगळ्याचे त्या विनोदाने वर्णन करतात, आणि वाचक हसता हसता औदार्याचा पाठ शिकून जातो, त्याला कोणी काही शिकवल्याचा सुगावा न लागता. टिळक 1919 साली गेले तेव्हा अवघे सुरुवातीचे अध्याय झालेले त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य ज्यांनी नंतर जवळजवळ पूर्णत्वास नेले, त्या बाईचे शालेय शिक्षण म्हणावे असे काहीच नव्हते.

वसईत या कथेला निराळे वळण मिळाले. तेथील सामवेदी, वाडवळ आदी ख्रिस्ती समाज पानवेली, केळी आणि फुलांच्या वाड्यांवर जगत आलेला. ऑक्टोबराच्या पहिल्या रविवारी आगेऱ्याच्या सणाला भाताची नवी कणसे देवळात नेऊन ती आशीर्वादित करून घेण्याचा येथील पूर्वापार रिवाज. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी दोन दशकांहून अधिक काळ ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन करताना याच भूमीतून आपले चिंतन काढले, आणि 1980 च्या दशकाच्या अखेरीस हरित वसईच्या चळवळीत ते उतरले. टँकरवाले विहिरी उपसून नेत होते, गोड्या पाण्यात खारे पाणी शिरत होते, आणि हिरव्या पट्ट्याचा दर्जा बदलण्याचे हुकूम कागदोपत्री सरकत होते. टिळकांना जे फूल दिसले ते रानात सुरक्षित होते. येथे फुलाखालची जमीनच दलालाच्या दप्तरात गेलेली. ‘सुबोध बायबल’ लिहिणारा हा धर्मगुरू, जो 2020 च्या जानेवारीत उस्मानाबादच्या 93 व्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला, सृष्टीतून बोध घेण्यापूर्वी सृष्टी जागेवर आहे की नाही हे तपासावयास सांगत होता. आगेऱ्याला कणसे वाहणारे हातच पुढच्या महिन्यात शेत बिनशेती करण्याचा अर्ज घेऊन कचेरीत जाऊ शकतात, आणि जागेचा भाव चढल्यावर तसे जाण्याचा मोह किती बळकट असतो, हे वसईत कोणाला निराळे सांगावे लागत नव्हते. त्या मोहाला धमकावण्यांचीही जोड होती. दिब्रिटो 2024 साली निवर्तले. विहिरींच्या पाण्याचा आणि हिरव्या पट्ट्याचा तंटा त्यांच्यामागेही निकालात निघालेला नाही.