जांघेतलं छिद्र बुजतं कसं?

जत, आटपाडी, माण, खटावचे हृदयरुग्ण अँजिओप्लास्टीसाठी मिरज, सांगली, कराड नाहीतर साताऱ्याला येतात. घरी परतल्यावर चर्चा होते ती स्टेंटची. तो ज्या छिद्रातून आत गेला, त्याची चौकशी कुणीच करत नाही. ती करायला हवी.

नळी जांघेतून घातली असेल, तर रोहिणीला दोन-अडीच मिलिमीटरचं छिद्र पडतं. आतलं रक्त प्रत्येक ठोक्याला उसळत असतं, शिवाय ते गोठू नये म्हणून हेपॅरिन दिलेलं असतं. यावरचा जुना आणि आजही भरवशाचा उपाय म्हणजे हात. रोहिणी मांडीच्या हाडाच्या गोल डोक्यावर दहा-वीस मिनिटं दाबून धरायची. पुढे काही तास पाय सरळ ठेवून उताणं पडून राहायचं. कंबर दुखणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचे यातच खरे हाल होतात.

१९९०च्या दशकात छिद्र बुजवणारी साधनं आली. 'अँजिओ-सील'मध्ये रोहिणीच्या आत एक चपटी पट्टी बसते, बाहेरून कोलॅजनचा बोळा. दोन्हींना जोडणारा धागा ओढला की रोहिणीची भिंत मधे आवळली जाते. कोलॅजनला प्लेटलेट चिकटतात आणि गुठळी धरते. हे सगळं सुमारे ९० दिवसांत शरीरात विरघळतं, म्हणून तेवढे दिवस साधनाची माहिती देणारं कार्ड खिशात हवंच. 'परक्लोज' मात्र रोहिणीला चक्क टाका घालतं. नळीतून हृदयाची झडप बदलताना छिद्र बरंच मोठं पडतं, तेव्हा हे टाके आधीच ओवून ठेवतात आणि शेवटी गाठ आवळतात.

साधन महाग, म्हणून जास्त सुरक्षित, असं मात्र समजू नये. जर्मनीत ४,५२४ रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रक्त थांबायला हातानं साधारण १० मिनिटं लागली, साधनानं एक. गुंतागुंतीत मोठा फरक दिसला नाही. मनगटातून नळी घातली, तर पट्टा बांधूनच भागतं. जमेल तिथे मला तीच वाट बरी वाटते.

घरी आल्यावर काही दिवस उकिडवं बसणं, उसाची मोळी उचलणं बंद. जांघेत सूज वाढली, पाय गार पडला किंवा कंबरेत अचानक कळ आली, तर लगेच डॉक्टरांना गाठा. रक्त आलंच तर रुग्णाला आडवं करून १०८ला फोन लावा, आणि कातडीवरच्या खुणेच्या किंचित वर घट्ट दाबा. सुई तिरकी जाते, त्यामुळे रोहिणीतलं छिद्र खुणेच्या वरच असतं.