कर्ट वॉर्नर : राखीव बाकावरचा राजा

अमेरिकेत ‘फुटबॉल’ म्हटलं की आपल्या ओळखीचा, पायाने खेळायचा खेळ कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. तिथला फुटबॉल म्हणजे दोन्ही टोकांना निमुळता लांबट चेंडू, डोक्यावर हेल्मेट, खांद्यांवर जाडजूड पॅड आणि एकमेकांवर धडाधड आदळणारे अकरा-अकरा धिप्पाड गडी. यात चेंडू बहुतेक वेळ असतो तो हातातच!

या अकरा जणांत सगळ्यात मानाची जागा क्वार्टरबॅकची. चढाई सुरू झाली की चेंडू आधी त्याच्याकडे येतो. समोरून पहाडासारखी माणसं अंगावर येत असताना, दोन-तीन सेकंदांत, चेंडू कुणाकडे फेकायचा हे त्याने ठरवायचं. संघात क्वार्टरबॅक दोन-तीन असतात, पण मैदानात उतरतो एकच. बाकीचे बाकावर. पहिला धडधाकट आणि फॉर्मात असेपर्यंत दुसऱ्याचा नंबर लागणं कठीण.

कर्ट वॉर्नरची सगळी कारकीर्द या एका जागेभोवती फिरली. ती जागा त्याला दुसऱ्याच्या दुखापतीतून मिळाली, आणि स्वतःच्या दुखापतीपायी गेलीसुद्धा!

ताशी साडेपाच डॉलर

वॉर्नरचा जन्म 22 जून 1971चा, आयोवा राज्यातला. कॉलेजात पहिली चार वर्षं तो राखीवच होता. 1993मध्ये, शेवटच्या वर्षी, तो पहिला क्वार्टरबॅक झाला. अमेरिकेतले व्यावसायिक संघ दर वर्षी कॉलेजांतले खेळाडू निवडतात. 1994च्या निवडीत त्याचं नाव एकाही संघाने घेतलं नाही. ग्रीन बे पॅकर्सने सरावासाठी बोलावलं खरं, पण हंगाम सुरू होण्याआधीच परत पाठवलं.

पोटासाठी काहीतरी करणं भाग होतं. सिडार फॉल्स गावातल्या ‘हाय-व्ही’ या किराणा-भाजीपाल्याच्या मोठ्या दुकानात तो रात्रपाळीला लागला. काम काय, तर फळ्यांवर माल लावायचा. मजुरी ताशी साडेपाच डॉलर. बरोबरचे खेळाडू टीव्हीवर झळकत होते, आणि हा डबे रचत होता.

याच काळात त्याला साथ होती ब्रेंडाची. ती त्याच्याहून मोठी, अमेरिकी मरीन दलातून बाहेर पडलेली, घटस्फोटित, दोन मुलांची आई. मोठ्या मुलाला तान्हेपणीच अपघाताने डोक्याला इजा झालेली. दृष्टी जवळजवळ गेलेली. ती नर्सिंग शिकत होती आणि घर चालत होतं सरकारी अन्नकूपनांवर. अशा संसारात पाऊल टाकताना भलेभले बिचकतात. वॉर्नर पहिल्याच भेटीत मुलांशी दंगामस्ती करत बसला आणि त्या घरचाच झाला.

दैवाने मात्र पाठ सोडली नव्हती. एप्रिल 1996मध्ये आर्कान्सामध्ये आलेल्या चक्रीवादळात ब्रेंडाचे आई-वडील दोघंही मृत्युमुखी पडले. पुढच्या वर्षी, 11 ऑक्टोबर 1997ला, दोघांनी लग्न केलं.

वॉर्नर तोवर पुन्हा खेळू लागला होता. पण कुठे? छपराखालच्या ‘अरीना फुटबॉल’मध्ये! पन्नास यार्डांचं मैदान, एका बाजूला आठ खेळाडू. मोठ्या खेळातली मंडळी याला सर्कस म्हणून हसायची. आयोवा बार्नस्टॉर्मर्स या संघाकडून तो 1995 ते 1997 असे तीन हंगाम खेळला. जागा कमी, वेळ त्याहून कमी. चेंडू हाती आला की झटकन सोडावाच लागे. जी सर्कस लोकांना हास्यास्पद वाटत होती, तिनेच त्याच्या हाताला वेग दिला.

शिकागो बेअर्सकडून चाचणीची संधी चालून आली, तर मधुचंद्राच्या प्रवासात कोळी चावून कोपर सुजलं. चाचणी हुकली! शेवटी सेंट लुईस रॅम्सने त्याला करारबद्ध केलं आणि 1998च्या वसंतात खेळायला पाठवलं थेट अॅमस्टरडॅमला, युरोपातल्या लीगमध्ये. परत आल्यावर तो संघातला तिसरा क्वार्टरबॅक. त्या अख्ख्या हंगामात त्याच्या वाट्याला आले अकरा पास.

1999च्या सुरुवातीला क्लीव्हलँडचा संघ नव्याने उभा राहत होता. त्याच्यासाठी इतर संघांनी आपले काही खेळाडू ‘हवे तर न्या’ म्हणून मोकळे ठेवायचे होते. रॅम्सने वॉर्नरचं नाव त्या यादीत टाकलं. क्लीव्हलँडनेही त्याला घेतलं नाही!

एकाचा गुडघा, दुसऱ्याचं नशीब

रॅम्सने त्या वर्षी मोठी रक्कम मोजून ट्रेंट ग्रीन या क्वार्टरबॅकला आणलं होतं. ऑगस्टमधल्या सराव सामन्यात ग्रीनच्या पायावर आघात झाला आणि गुडघा कामातून गेला. प्रशिक्षक डिक व्हर्मील यांना पत्रकारांसमोर रडू आवरलं नाही. पण त्याच वेळी, आता आम्ही वॉर्नरच्या पाठीशी उभे राहू आणि चांगलं खेळू, असं त्यांनी ठणकावलं. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. आदल्या हंगामात 16पैकी 12 सामने हरलेला संघ, आणि 28 वर्षांचा अनोळखी क्वार्टरबॅक!

पुढे जे झालं ते अमेरिका अजून विसरलेली नाही. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात पोचला की टचडाउन होतो, त्याचे सहा गुण. वॉर्नरने त्या हंगामात टचडाउनचे 41 पास दिले. एका हंगामात चाळिशी गाठणारा तो डॅन मरिनोनंतरचा दुसराच. रॅम्सने 16पैकी 13 सामने जिंकले आणि वॉर्नर लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला.

30 जानेवारी 2000. अटलांटात अंतिम सामना, म्हणजे सुपर बोल. समोर टेनेसी टायटन्स. शेवटची दोन मिनिटं उरली असताना गुण 16-16. वॉर्नरने आयझॅक ब्रूसकडे लांब चेंडू भिरकावला आणि 73 यार्डांचा टचडाउन झाला! टायटन्सचा शेवटचा हल्ला रेषेपासून अवघा एक यार्ड दूर अडवला गेला. रॅम्स 23, टायटन्स 16. वॉर्नरचे 414 यार्डांचे पास हा सुपर बोलचा तेव्हाचा विक्रम होता.

उतार आणि पुन्हा चढ

पण उतारही तितकाच झपाट्याने आला. 2001मध्ये तो दुसऱ्यांदा सर्वोत्कृष्ट ठरला, मात्र अंतिम सामना शेवटच्या क्षणी न्यू इंग्लंड पेट्रियट्सने तीन गुणांनी हिरावला. 2002मध्ये उजव्या हाताचं बोट मोडलं. 2003च्या पहिल्याच सामन्यात चेंडू पुनःपुन्हा हातून निसटला, डोक्यालाही मार बसला, आणि जागा गेली मार्क बल्जर या तरुणाकडे. 2004मध्ये रॅम्सने त्याला मोकळं केलं.

न्यूयॉर्क जायंट्सकडे गेला, तर नऊ सामन्यांनंतर नवख्या इलाय मॅनिंगसाठी बाजूला व्हावं लागलं. 2005मध्ये अॅरिझोना कार्डिनल्समध्ये आला, तर पुढच्याच वर्षी मॅट लाइनार्ट हा नवा पोरगा पुढे सरकला. आता गाशा गुंडाळावा, असंच बहुतेकांना वाटलं. वॉर्नर सराव करत राहिला. 2007मध्ये लाइनार्टचं गळ्याजवळचं हाड मोडलं आणि पुन्हा एकदा दुसऱ्याच्या दुखापतीने त्याला हाक दिली. 2008मध्ये मात्र प्रशिक्षकांनी धडधाकट लाइनार्टला बाजूला ठेवून पहिली पसंती दिली ती वॉर्नरलाच. 1947नंतर एकही विजेतेपद न मिळालेल्या कार्डिनल्सना 37 वर्षांच्या या गड्याने पहिल्यांदा सुपर बोलमध्ये नेलं. फेब्रुवारी 2009मधला तो सामना पिट्सबर्ग स्टीलर्सने 27-23 असा जिंकला. विजयी टचडाउन आला तेव्हा घड्याळात 35 सेकंद उरले होते!

जानेवारी 2010मध्ये बाद फेरीत गाठ पडली ग्रीन बे पॅकर्सशी, म्हणजे सोळा वर्षांपूर्वी त्याला घरी पाठवणाऱ्या संघाशी. वॉर्नरने 33पैकी 29 पास अचूक दिले, त्यातले पाच टचडाउनचे. कार्डिनल्स 51-45 असे जिंकले. पुढच्याच सामन्यात न्यू ऑर्लिन्समध्ये तो जबर आदळला गेला, संघही हरला. 29 जानेवारीला, वयाच्या 38व्या वर्षी, त्याने निवृत्ती जाहीर केली. मोठी रक्कम समोर असूनही शरीर पणाला लावत राहणारे या खेळात थोडे नाहीत. सात मुलांचा हा बाप वेळेवर घरी परतला.

2017मध्ये त्याला व्यावसायिक फुटबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’चा मान मिळाला. अरीना फुटबॉलने तो 2011मध्येच दिला होता; दोन्ही मान मिळवणारा तो पहिलाच. या यशाचं श्रेय तो कायम आपल्या ख्रिस्ती श्रद्धेला देत आला. थोरल्या मुलासारख्या बौद्धिक अडचणी असलेल्या तरुणांना मानाने राहता यावं म्हणून वॉर्नर दांपत्याने अॅरिझोनातल्या ग्लेनडेलमध्ये ‘ट्रेझर हाउस’ हे निवासस्थान उभारलं.

2021मध्ये त्याच्यावर ‘अमेरिकन अंडरडॉग’ हा चित्रपट आला. त्यात गोष्ट आहे ती रात्रपाळीतल्या पोराच्या भाग्योदयाची. पण वॉर्नरचा खरा कस लागला तो नंतर. नाव, पैसा, विक्रम सगळं पदरी असताना पुन्हा बाकावर जाऊन बसायचं, आपल्या जागी दुसऱ्याला खेळताना पाहायचं, आणि तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी सरावाला हजर व्हायचं! कॉलेजातली चार वर्षं बाकावर काढलेल्या माणसाला हे जमलं, यात नवल ते काय?