काळी का उलते?

या बाळांनो, या कडुनिंबाच्या सावलीला बसा. त्या भेगेत हात घालू नका हं, उन्हाळ्यात विंचू तिथंच गारव्याला बसलेला असतो. काठी घाला. बघा, कशी सरळ आत गेली! वसमतकडच्या भारी काळीत वैशाखात अशा भेगा कुठं कुठं मीटरभर खोल जातात.

तुम्ही म्हणाल, पाणी आटलं म्हणून जमीन उलली. मग पूर्णेच्या पात्रातली वाळू का उलत नाही? पाणी तर तिच्यातलंही आटतं. खरी गंमत मातीत आहे.

ही गोष्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची. तेव्हा ना कयाधू होती, ना औंढ्याचे डोंगर. जमिनीतल्या लांबच लांब चिरांमधून तापलेला लाव्हा वाहत होता, थरावर थर साचत होता. तो निवला आणि आपला काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट झाला. पुढं उन्हापावसानं तोही झिजला. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम भरपूर. आपल्याकडचा पाऊस ते सगळं धुऊन नेण्याएवढा नाही, म्हणून इथं मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती तयार झाली. कोकणातही पाषाण हाच, पण तिथल्या धो धो पावसानं सगळं वाहून नेलं आणि मागं जांभ्याची तांबडी माती उरली. ती अशी उलत नाही. केवळ पावसानं एकाच दगडाच्या दोन माती झाल्या, याचं मला अजून नवल वाटतं.

या चिकणमातीचा कण म्हणजे सुट्या पानांची पोथी समजा. पान केवढं जाड? मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला जेमतेम एक! मृगाचा पाऊस पडला की दोन पानांच्या मधे पाणी शिरतं, पानं दूर सरतात, पोथी फुगते. वाळूच्या कणात पाण्याला शिरायला जागाच नसते. असली शुद्ध माती एक ग्रॅम घेऊन तिच्या सगळ्या पानांच्या दोन्ही बाजू मोजल्या, तर सात-आठशे चौरस मीटर भरतात. चिमूटभर मातीत एवढी जागा! म्हणून तर पाऊस सरल्यावरही याच ओलीवर ज्वारी आणि हरभरा येतो.

आता ऊन तापलं. पानांमधलं पाणी निघालं, पानं जवळ आली, माती आकसली. पण वरचा थर आधी वाळतो आणि खालचा अजून ओलाच असतो. वरच्याला चहूबाजूंनी आखडायचंय, खालचा त्याला सोडत नाही. ताण वाढत जातो आणि माती जिथं कच्ची असेल तिथं फाटते. मग त्या भेगेतून ऊन-वारा आत शिरतो, खालचीही ओल उडते, भेग आणखी खोल जाते. उभ्या पिकात भेग पडली तर मुळ्याही तुटतात. म्हणून आपली माणसं वेळेवर कोळपं धरतात. वरची माती भुसभुशीत झाली की भेगा बुजतात, ओल आत राहते.

पण भेगेला नुसती वाईट म्हणू नका. उन्हाळाभर वरची माती, काडीकचरा तिच्यात पडत राहतो. पाऊस आला की पहिलं पाणी भेगांतून थेट खोल जातं. खालची माती फुगते, पण तिथं आता वरून पडलेली मातीही असते. जागा पुरत नाही, म्हणून मातीचे गड्डे एकमेकांवर तिरके घासत वर सरकतात. काळीत खोल खड्डा खणला की तिरपे, गुळगुळीत, चकाकणारे पृष्ठभाग दिसतात ना, ते या घासण्यानंच झालेले. शास्त्रज्ञ अशा जमिनीला व्हर्टिसॉल म्हणतात. कुणी नांगर धरो न धरो, ती आपली आपण हळूहळू खालीवर होत राहते. घराच्या भिंतींना मात्र हे सोसत नाही, म्हणून इथं पाया काळीच्या खाली, मुरमापर्यंत नेतात.

आता उठा, एक काम करा. बांधावरची काळी माती कालवून ताटात थापा आणि उन्हात ठेवा. पहिली भेग लांब जाईल. दुसरी तिला येऊन भिडेल, ती बहुतेक काटकोनात, कारण पहिल्या भेगेनं आपल्याला आडवा ताण आधीच मोकळा केलेला असतो. मग कुठली भेग आधीची आणि कुठली नंतरची, ते मला येऊन सांगा. तीच माती पुन्हा भिजवा, पुन्हा वाळवा, असं बऱ्याचदा करा. कोपरे हळूहळू बदलतात, तीन भेगा एका ठिकाणी मिळायला लागतात आणि मधे पाच-सहा बाजूंचे तुकडे दिसू लागतात.