कॉन्फरन्सची पायरी नोव्हेंबरातच ठरते

मार्च महिना लागला की अमेरिकेत शिकणारी आपली मुलंही कॉलेज बास्केटबॉलच्या वादात ओढली जातात. विद्यापीठ कुठलंही असो, वसतिगृहात तक्ते भरले जातात, पैजा लागतात आणि कोणीतरी ठामपणे सांगतो की अमुक कॉन्फरन्स पहिल्या पायरीची, तमुक दुसरीची, बाकीच्या किरकोळ. मी हा खेळ मन लावून पाहते. ही उतरंड सांगताना जी कारणं दिली जातात त्यातली निम्मी तरी चुकीची असतात आणि त्या चुकीची किंमत खेळणाऱ्या पोरांना मोजावी लागते, म्हणून हे लिहिते आहे.

आधी रचना पाहू. कॉलेज खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएए या संघटनेच्या पहिल्या विभागात पुरुषांचे साडेतीनशेहून अधिक संघ आहेत आणि ते कॉन्फरन्स नावाच्या गटांत विभागलेले आहेत. मार्चमधल्या राष्ट्रीय स्पर्धेत ६८ संघ घेतले जातात. २०२५ साली ३१ कॉन्फरन्सच्या विजेत्यांना थेट प्रवेश मिळाला आणि उरलेल्या ३७ जागा निवड समितीने भरल्या. सगळी भांडणं या ३७ जागांवरून होतात.

‘हाय-मेजर, मिड-मेजर ही अधिकृत वर्गवारी आहे’

नाही. रणजी करंडकात एलिट आणि प्लेट हे गट मंडळाने आखलेले असतात. मुंबईच्या कांगा लीगमध्ये खालच्या डिव्हिजनचा संघ चांगला खेळला तर वर चढतो, वरचा घसरला तर खाली येतो. अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलमध्ये असा जिनाच नाही. नियमांच्या दृष्टीने पहिला विभाग एकच आहे. एसीसी, बिग टेन, बिग ट्वेल्व्ह, एसईसी आणि बिग ईस्ट या पाचांना हाय-मेजर म्हणून वरची पायरी देणं आणि त्यांच्याखालच्यांना मिड-मेजर म्हणणं ही पत्रकार, प्रशिक्षक आणि चाहत्यांची बोलीभाषा आहे. या भाषेमागे खेळाइतकाच पैसाही आहे. आणि जिना नसल्यामुळे खालच्या गटातला संघ दहा वर्षं सलग जिंकला तरी आपोआप वर जात नाही, त्याला वरच्या कॉन्फरन्सने बोलावून घ्यावं लागतं.

‘जिथे आपसातच अटीतटीची झुंज होते, ती कॉन्फरन्स तगडी’

हा सगळ्यात चिवट गैरसमज आहे. कॉन्फरन्समधल्या दोन संघांचा सामना झाला की एक जिंकतो आणि एक हरतो. हंगामभर असे शंभर सामने झाले तर शंभर विजय आणि शंभर पराभव. या खिशातले पैसे त्या खिशात टाकावेत तसा हा हिशेब आहे, घरातली एकूण रक्कम बदलत नाही. सगळे संघ दुबळे असले तरीही सामने शेवटच्या सेकंदापर्यंत रंगतील आणि सगळे बलाढ्य असले तरीही. म्हणून जानेवारी-फेब्रुवारीतल्या आपसातल्या लढती कॉन्फरन्सच्या ताकदीबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाहीत.

ती ताकद कळते बाहेरच्यांशी खेळताना, म्हणजे नोव्हेंबर आणि डिसेंबरात. हंगामाच्या सुरुवातीचे हे सामने पुष्कळ लोक सराव समजून सोडून देतात, पण पायरी तिथेच ठरते. २०२४च्या हिवाळ्यात एसईसी आणि एसीसी या दोन कॉन्फरन्समध्ये १६ सामने ठेवले होते. त्यांतले १४ एसईसीने जिंकले. त्यानंतर एसईसीचे संघ एकमेकांना कितीही हरवोत, कोणाचंही मोल फारसं घटत नव्हतं, कारण प्रत्येक पराभव ‘चांगल्या संघाकडून झालेला पराभव’ म्हणून मोजला जात होता. मार्चमध्ये एसईसीच्या १६ पैकी १४ संघांना निमंत्रण मिळालं, आजवर एका कॉन्फरन्सला मिळालेलं सर्वाधिक. शेवटी फ्लोरिडाने विजेतेपदही पटकावलं.

हा हिशेब नीट मांडायला आकडेशास्त्र लागतं. केन पोमरॉय यांचा तक्ता प्रत्येक संघ १०० चेंडू-ताब्यांमागे किती गुण करतो आणि किती देतो हे प्रतिस्पर्ध्याची ताकद धरून काढतो. कॉन्फरन्सचं मोजमाप करताना त्यांनी विचारलेला प्रश्न मला फार आवडतो: या कॉन्फरन्समध्ये सगळ्यांशी खेळून निम्मे सामने जिंकायचे असतील तर संघ किती चांगला असावा लागेल? साध्या सरासरीत तळाचे दोन कच्चे संघ सगळ्या गटाला खाली खेचतात. या प्रश्नात त्यांचा भार तेवढा पडत नाही.

‘विजय तो विजय, कुठेही आणि कोणावरही मिळवलेला’

२०१८-१९च्या हंगामापासून निवड समिती ‘नेट’ नावाची क्रमवारी वापरते. त्याआधी आरपीआय हे जुनं सूत्र होतं, त्यात निम्मा भार प्रतिस्पर्ध्यांच्या जय-पराजयावर असे. नेटच्या आधारे प्रत्येक सामना चारांपैकी एका कप्प्यात पडतो. पहिल्या कप्प्यातला विजय म्हणजे आपल्या मैदानावर पहिल्या ३० मधल्या, त्रयस्थ मैदानावर पहिल्या ५० मधल्या किंवा प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर पहिल्या ७५ मधल्या संघाला हरवणं. परक्या प्रेक्षकांसमोर जिंकणं अवघड असतं, हे यात मान्य केलेलं आहे आणि ते योग्यच आहे.

पण त्याचा एक परिणाम लहान कॉन्फरन्सना जाचतो. मोठ्या कॉन्फरन्समधल्या मध्यम संघाला जानेवारीपासून दर आठवड्याला पहिल्या कप्प्यातली संधी आपोआप मिळते. पाच हरला आणि दोन जिंकला तरी त्याच्या खात्यात दोन मोठे विजय जमा होतात. मिड-मेजर संघाला अशा संधी साऱ्या हंगामात दोन-चारच, त्याही बहुधा परक्या मैदानावर. बलाढ्य संघ त्यांच्या छोट्या गावात खेळायला सहसा येत नाहीत, कारण जिंकलं तर विशेष नाही आणि हरलं तर नामुष्की. उलट ते छोट्या संघाला रोख मोबदला देऊन आपल्या मैदानावर बोलावतात. छोट्या कॉलेजाचं क्रीडा-अंदाजपत्रक या बिदागीवर उभं असतं, त्यामुळे नकार देता येत नाही. पायरी मोजणारी पट्टी अशी त्या पायरीलाच थोडी धरून ठेवते. ही मला या व्यवस्थेतली सर्वांत मोठी खोट वाटते.

‘ज्या कॉन्फरन्सचे संघ जास्त, ती वरचढ’

२०२४ साल आठवा. माउंटन वेस्टचे सहा संघ स्पर्धेत होते, बिग ईस्टचे फक्त तीन. निमंत्रणं मोजणाऱ्याने पहिलीला वर ठेवलं असतं. पण बिग ईस्टचे तिन्ही संघ शेवटच्या सोळांत पोहोचले आणि त्यांतल्या यूकॉनने सलग दुसरं विजेतेपद जिंकलं. माउंटन वेस्टचा एकटा सॅन डिएगो स्टेट तिथवर आला. निमंत्रणांचा आकडा हा शेवटी समितीचा निर्णय असतो.

मग विजेतेपदं मोजावीत का? तेही फसवं आहे. २००० साली मिशिगन स्टेट जिंकल्यानंतर २०२५ पर्यंत बिग टेनच्या एकाही संघाला विजेतेपद मिळालं नाही, पण त्याच काळात तिच्या संघांनी आठ अंतिम सामने गमावले. आठ वेळा अंतिम फेरी गाठणारी कॉन्फरन्स दुबळी कशी म्हणायची? बाद पद्धतीत एका रात्रीवर सगळं ठरतं. २०१८ मध्ये १६वं मानांकन असलेल्या यूएमबीसीने अव्वल मानांकित व्हर्जिनियाला ७४-५४ असं लोळवलं. पुढच्याच वर्षी व्हर्जिनिया विजेता झाला. २०२३ मध्ये अशाच अव्वल मानांकित पर्ड्यूला हरवणारा फेअरली डिकिन्सन तर स्वतःच्या कॉन्फरन्सचा अंतिम सामना मेरिमॅककडून हरला होता. मेरिमॅक खालच्या विभागातून नुकताच वर आल्यामुळे नियमानुसार अपात्र होता, म्हणून फेअरली डिकिन्सनला जागा मिळाली. या विजयांचा आनंद अस्सल आहे, पण एका विजयाने कॉन्फरन्सची पायरी बदलत नाही.

‘फुटबॉल मोठा, म्हणून बास्केटबॉलही मोठा’

बिग ईस्टकडे पहिल्या दर्जाचा अमेरिकी फुटबॉल नाही. २०१३ साली फुटबॉलच्या ओढाताणीत ती फुटली. कॅथलिक कॉलेजांनी नाव आपल्याकडे राखलं आणि बास्केटबॉलवर कॉन्फरन्स पुन्हा उभी केली. त्यानंतर व्हिलानोव्हाने दोनदा आणि यूकॉनने दोनदा विजेतेपद जिंकलं. दुसऱ्या बाजूला पॅक-१२. फुटबॉलच्या दूरचित्रवाणी करारांपायी २०२४ मध्ये तिच्या १२ पैकी १० विद्यापीठांनी ती सोडली. पॅसिफिकच्या किनाऱ्यावरचं स्टॅनफर्ड आज ‘अटलांटिक कोस्ट’ कॉन्फरन्समध्ये, म्हणजे एसीसीत, खेळतं. तेव्हा कॉन्फरन्सची दहा वर्षांपूर्वीची कीर्ती आजच्या पायरीसाठी पुरावा म्हणून देऊ नये, कारण त्या नावाखाली आज भलतेच संघ असू शकतात.

‘कॉन्फरन्स मिड-मेजर, म्हणून संघही मिड-मेजर’

गोन्झागाकडे पाहिलं तर हे टिकत नाही. वेस्ट कोस्ट कॉन्फरन्समधून खेळत या संघाने १९९९ ते २०२५ एकही राष्ट्रीय स्पर्धा चुकवली नाही आणि २०१७ व २०२१ मध्ये अंतिम सामना गाठला. आपली कॉन्फरन्स पुरेशी कस पाहणारी नाही हे ओळखून तो नोव्हेंबर-डिसेंबरात बलाढ्य संघांशी मुद्दाम भिडत आला.

पण प्रत्येकाला ते जमत नाही. २०२४ मध्ये मिझुरी व्हॅली कॉन्फरन्सच्या इंडियाना स्टेटने २८ सामने जिंकले होते, सहा हरले होते आणि नेटमध्ये तो पहिल्या तिसांत होता. आपल्या कॉन्फरन्सचा अंतिम सामना तो ड्रेककडून हरला, त्यामुळे थेट प्रवेश हुकला. समितीने त्याला वगळलं आणि नेटमध्ये पन्नाशीच्या पुढे असलेल्या, पण एसीसीत खेळणाऱ्या व्हर्जिनियाला घेतलं. व्हर्जिनिया पहिल्याच सामन्यात कोलोरॅडो स्टेटकडून ६७-४२ असा हरला. एक सामना पुरावा नसतो हे वर मीच लिहिलं आहे, म्हणून तो निकाल मी पुढे करत नाही. माझी तक्रार निवडीच्या दिवशीच्या कागदांवरच उभी राहते.

इंडियाना स्टेट एनआयटी या दुय्यम स्पर्धेत खेळला आणि अंतिम सामन्यापर्यंत गेला. समोर सीटन हॉल होता, बिग ईस्टचा आणि तोही वगळलेलाच. सीटन हॉल ७९-७७ असा जिंकला. काही दिवसांतच इंडियाना स्टेटचे प्रशिक्षक जॉश शर्ट्झ सेंट लुईस विद्यापीठाकडे गेले आणि त्यांचा लाडका सेंटर रॉबी अव्हिला त्यांच्यामागोमाग गेला. तो संघ पुन्हा एकत्र मैदानात उतरलाच नाही.