कंपाउंड बो: लाखभर रुपयांचं शिकारीचं धनुष्य निवडताना वेगापेक्षा काय महत्त्वाचं ठरतं?

इन्स्टाग्रामवर स्क्रोल करताना असं एखादं रील हमखास समोर येतं. अमेरिकेतलं जंगल, झाडावर बांधलेल्या मचाणात बसलेला शिकारी, हातात चाकं आणि केबल लावलेलं विचित्र दिसणारं धनुष्य. पॉडकास्टर जो रोगनसारख्या सेलिब्रिटींमुळे हा छंद जगभरातल्या प्रेक्षकांपर्यंत पोहोचला आहे.

या धनुष्याला 'कंपाउंड बो' म्हणतात. नामांकित कंपन्यांच्या सर्वात वरच्या मॉडेलची किंमत साधारण 1,200 ते 1,400 डॉलर, म्हणजे एक लाख रुपयांहून जास्त. कार्बनची बॉडी हवी असेल तर 1,700 ते 2,000 डॉलरच्या आसपास. एवढे पैसे मोजून नेमकं काय मिळतं? आणि घेणारे चुकतात कुठे?

कंपाउंड बो म्हणजे काय?

साधं धनुष्य जितकं ओढाल तितकं जड होत जातं. सर्वात जास्त ताण असतो तेव्हाच नेम धरायचा असतो, त्यामुळे हात थरथरतो.

अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या होलेस विल्बर अ‍ॅलन यांनी यावर उपाय शोधला. त्यांनी धनुष्याच्या दोन्ही टोकांना मध्यापासून सरकलेल्या आसावर फिरणारी चाकं बसवली. 1966 मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि 1969 मध्ये पेटंट मिळालं.

या चाकांना आज 'कॅम' म्हणतात. दोरी ओढायला लागल्यावर ताण वाढत जातो, पण एका टप्प्यानंतर कॅम फिरतो आणि ताण एकदम कमी होतो. याला 'लेट-ऑफ' म्हणतात. शिकारीच्या आजच्या धनुष्यांमध्ये तो 80 ते 90 टक्के असतो. म्हणजे 70 पौंडांचं (सुमारे 32 किलो) धनुष्य 85 टक्के लेट-ऑफचं असेल, तर पूर्ण ओढल्यावर हातावर फक्त साडेदहा पौंडांचा, म्हणजे पाच किलोहून थोडा कमी भार राहतो.

शिकाऱ्यासाठी हा फरक मोठा आहे. हरीण झाडाआड थांबलं तर ते बाहेर येईपर्यंत दोरी ओढून धरता येते.

जाहिरातीतला वेग खरा असतो का?

आकडा खरा असतो, पण तो तुमचा नसतो.

कंपन्या वेग मोजतात तो ठरलेल्या मापावर: 70 पौंडांचा ताण, 30 इंचांची ओढ आणि 350 ग्रेनचा, म्हणजे जेमतेम 23 ग्रॅमचा हलका बाण. यावर 'सेकंदाला 340 फूट' असा आकडा छापला जातो.

आता समजा, घेणाऱ्याची ओढ 28 इंच आहे, ताण 60 पौंड आहे आणि बाण 400 ग्रेनचा आहे. तिरंदाजांचा ढोबळ हिशेब असा: ओढ एक इंचाने कमी झाली की वेग 10 फुटांनी घटतो, ताण एक पौंडाने कमी झाला की 2 फुटांनी, आणि बाणाचं वजन तीन ग्रेनने वाढलं की एक फुटाने. म्हणजे ओढीचे 20, ताणाचे 20 आणि वजनाचे 17 फूट गेले. उरले साधारण 280.

म्हणून दोन मॉडेलमधल्या 5-10 फुटांच्या फरकासाठी जास्त पैसे मोजण्यात फारसा अर्थ नसतो.

मग वेगाचा उपयोग नाही का?

आहे, पण त्याआधी हरणाच्या बाजूने विचार करावा लागतो.

अमेरिकेत धनुष्याने सर्वाधिक शिकार होते ती पांढऱ्या शेपटीच्या हरणाची. हे हरीण अतिशय सावध असतं. दोरी सुटल्याचा आवाज आला की ते उडी मारून पळण्यासाठी आधी खाली दबतं आणि बाण नेम धरलेल्या जागेच्या वर लागतो.

गणित सोपं आहे. हरीण 30 यार्डांवर, म्हणजे 90 फुटांवर आहे. 280 फूट वेगाच्या बाणाला तिथे पोहोचायला 0.32 सेकंद लागतात. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण 1,125 फूट, त्यामुळे आवाज 0.08 सेकंदातच पोहोचतो. हरणाला हलायला पाव सेकंद मिळतो.

वेग 280 वरून 310 वर नेला तर बाण फक्त 0.03 सेकंद लवकर पोहोचतो. पण शिकारी 10 यार्ड जवळ गेला, तर हरणाला मिळणारा वेळ 0.24 वरून 0.16 सेकंदांवर येतो. जवळ जाण्याची कला वेगापेक्षा जास्त कामाला येते. त्यासोबतच कामाला येतं शांत धनुष्य.

महागड्या धनुष्याचा खरा फायदा इथेच आहे. बाण सुटल्यावर कंपन कमी, आवाज कमी आणि हाताला झटका कमी. दुकानात हे छापील आकड्यांवरून कळत नाही, बाण सोडून बघावा लागतो.

निवडताना काय बघायचं?

ओढीची लांबी: सर्वात महत्त्वाचं माप हेच. दोन्ही हात बाजूला सरळ पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर इंचांत मोजायचं आणि 2.5 ने भागायचं. 70 इंच असेल तर ओढ 28 इंच. हा फक्त सुरुवातीचा अंदाज. अंतिम माप जाणकाराने उभं करून ठरवलेलं बरं. जास्त वेगाच्या मोहात ओढ लांब ठेवणं ही नेहमीची चूक आहे. त्याने हात ताठ राहतो, दोरी बाहीला घासते आणि नेम बिघडतो.

ताण: अनेक राज्यांत हरणाच्या शिकारीसाठी किमान 35 ते 40 पौंडांचा नियम आहे. 70 पौंड घ्यायलाच हवेत असं नाही. खुर्चीत बसून, धनुष्य आकाशाकडे न उचलता दोरी सरळ मागे ओढता आली पाहिजे. ते जमत नसेल तर ताण जास्त आहे. थंडीत तीन तास मचाणात बसून आखडलेल्या खांद्यांनी तोच ताण आणखी जड वाटतो.

धनुष्याची लांबी: शिकारीची धनुष्यं वरच्या आसापासून खालच्या आसापर्यंत साधारण 28 ते 34 इंचांची असतात. लहान धनुष्य झाडीत आणि मचाणात सोयीचं, तर लांब धनुष्य हातात जास्त स्थिर. लांब ओढीच्या उंच माणसाला फार लहान धनुष्य त्रास देतं.

ब्रेस हाइट: मूठ आणि दोरी यांच्यातलं अंतर. ते सहा इंचांच्या आसपास असेल तर वेग मिळतो, पण बाण दोरीवर जास्त वेळ राहतो आणि हाताची चूक बाणात उतरते. नवख्यासाठी सात इंचांच्या जवळचं माप सुरक्षित.

अ‍ॅल्युमिनियम की कार्बन: कार्बन हलकं असतं आणि थंडीत हाताला बर्फासारखं लागत नाही. दिवसभर डोंगर चढणाऱ्यांना हे पटतं. पण हलकं धनुष्य वाऱ्यात जास्त हलतं. घराजवळच्या रानात मचाणावर बसणाऱ्याला जास्तीचे पैसे घालवायची गरज नसते.

प्रबळ डोळा: उजव्या हाताने लिहिणाऱ्या काहींचा डावा डोळा प्रबळ असतो. आधी ते तपासून मगच उजवं किंवा डावं धनुष्य घ्यावं.

किंमत इथेच संपते का?

नाही. लाखभर रुपयांत मिळतं ते नुसतं धनुष्य. नेमासाठी साइट, बाणासाठी रेस्ट, दोरी सोडण्यासाठी रिलीज, भाता आणि बाण हे सगळं वेगळं. त्यात आणखी 500 ते 1,000 डॉलर सहज जातात. दोरी आणि केबलही काही वर्षांनी बदलाव्या लागतात. ते काम 'बो प्रेस' या यंत्राशिवाय होत नाही. त्यामुळे जवळ चांगलं दुकान कोणत्या कंपनीचं आहे, हाही निवडीचा भाग ठरतो.

एक गोष्ट मात्र कधीच करायची नसते, ती म्हणजे बाण न लावता दोरी सोडणं. बाणात जाणारी ऊर्जा धनुष्यातच राहते, काड्या फुटू शकतात आणि माणूस जखमी होऊ शकतो.

एवढा काटेकोरपणा कशासाठी?

गोळी आणि बाण यांचं काम वेगळं असतं. बाणाचं पातं रक्तस्रावाने मारतं. बाण फुफ्फुसांतून आरपार गेला तर प्राणी काही क्षणांत कोसळतो. थोडा मागे, पोटात लागला तर तो अनेक तास तडफडतो आणि कधी सापडतही नाही. म्हणून जबाबदार शिकारी बाण सोडण्याइतकंच न सोडण्यालाही महत्त्व देतात. न पेलणारं 70 पौंडांचं धनुष्य घेऊन अर्धवट नेम धरण्यापेक्षा, 55 पौंडांचं धनुष्य नीट ओढून 20 यार्डांवरून अचूक मारलेला बाण प्राण्याला कमी यातना देतो.

अर्थात, शिकारच नको, असंही अनेकांचं म्हणणं आहे. ब्रिटनमध्ये धनुष्याने शिकार करायला बंदी आहे.

भारतात हे चालतं का?

शिकारीसाठी नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित प्राण्यांची शिकार गुन्हा आहे, शस्त्र कोणतंही असो. शिकारीचा प्रयत्न आणि सापळा लावणं यांचाही त्यात समावेश होतो.

योगायोग असा, की त्याच 1972 मध्ये अमेरिकेने वेगळा मार्ग धरला. तिथे बंदुकांवरच्या 11 टक्के कराचा पैसा वन्यजीव संवर्धनासाठी वापरला जात होता. त्या कायद्याच्या कक्षेत तिरंदाजीचं साहित्यही आणलं गेलं.

पण कंपाउंड बो महाराष्ट्राला अनोळखी नाही. 2023 च्या ऑगस्टमध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची आदिती स्वामी वयाच्या 17 व्या वर्षी कंपाउंडमध्ये विश्वविजेती झाली. नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम फेरीत 150 पैकी 150 गुण मिळवत सुवर्ण जिंकलं. त्यांचं लक्ष्य 50 मीटरवरचा कागद असतो आणि ताणाची मर्यादा 60 पौंड. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाउंडच्या मिश्र सांघिक प्रकाराचा समावेश झाला आहे.

रील बघून हे धनुष्य हातात घ्यावंसं वाटलं तर भारतात रस्ता जंगलाकडे जात नाही, तो तिरंदाजीच्या मैदानाकडे जातो. तिथेही पहिल्या दिवशी प्रशिक्षक हात पसरायला सांगून ओढीचं मापच घेतात. वेगाचा प्रश्न त्यानंतर येतो.